शिंत्रेबाईंची यादी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, की सुनेत्रा शिंत्रे नावाच्या बाईंनी माझ्यावर काही जादू केली. जादूबिदू काही नाही. त्यांनी मला माझ्याच फायली उघडू दिल्या नाहीत, एवढंच. चंडीगडात मी बावीस वर्षं नोकरी केली, नावाजलेले डॉक्टर पाहिले, परदेशातून पदव्या घेऊन आलेले शास्त्रज्ञ पाहिले. पण कामाची माणसं बोटांवर मोजायला बसलो, तर पहिलं बोट बाईंच्या नावानं मिटतं.

मी मूळचा अकोल्याचा, नंदकुमार खासनीस. इथल्या एका संशोधन संस्थेत रक्तविकार विभागाचा प्रमुख होतो. शिवाय संगणक समितीचा अध्यक्ष. ते अध्यक्षपद मला मिळालं कारण घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच प्राध्यापक होतो, यापलीकडे माझी काही लायकी नव्हती. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आम्हाला संगणक कक्षासाठी कंत्राटावर माणूस हवा होता. मुलाखतीला शिंत्रेबाई आल्या. चाळिशीच्या आसपास, कलफाची साडी, हातात पिशवी. नवरा मेजर, चंडीमंदिर छावणीत बदली होऊन आलेला. माहेर आणि सासर दोन्ही गडहिंग्लजकडचं. फिजिक्समध्ये बीएस्सी आणि नंतर, प्रत्येक बदलीच्या गावी थोडा थोडा करत, कॉम्प्युटरचा डिप्लोमा.

"पगाराबद्दल काही विचारायचं आहे?" मी मराठीत विचारलं. परक्या मुलखात मराठी माणूस समोर आला, की मला राहवत नाही.

"पगार असू दे ओ सर. एक आधीच सांगते. दोन वर्षांत आमच्या मेजरांची बदली होणार, मी जाणार. जाताना मला पत्र पाहिजे. मी काय काम केलं, ते त्यात लिहिलेलं पाहिजे."

मग त्यांनी पिशवीतून सहा कागद काढले. पठाणकोट, जोरहाट, बबिना, सिकंदराबाद आणि आणखी दोन. सहा गावं, सहा नोकऱ्या. बबिनाला त्यांनी एका शाळेची कॉम्प्युटरची अख्खी खोली उभी केली होती, तारा ओढण्यापासून. त्या शाळेचं पत्र मी वाचलं. 'श्रीमती मेजर शिंत्रे अतिशय मनमिळाऊ असून त्यांच्या सहवासात शाळेला आनंद मिळाला.' बाकीची पाचही त्याच चालीवर. नवऱ्याची यानंतरची बदली सीमेवर होणार, त्या मुलांना घेऊन पुण्यात राहणार, आणि तिथं त्यांना कायमची नोकरी धरायची होती. असले मनमिळाऊ कागद दाखवून कोण देणार होतं?

"देईन पत्र," मी म्हणालो. तेव्हा मला काय ठाऊक, की ते पत्र मलाच किती जड जाणार आहे.

पदाचं नाव मात्र 'डेटा एंट्री ऑपरेटर'. दुसऱ्या नावाचं पद मंजूरच नव्हतं. काम होतं सर्व्हर सांभाळायचं. सर्व्हर म्हणजे तळमजल्यावरचं मोठं मशिन. सगळ्या विभागांच्या फायली त्यात राहायच्या. प्रत्येकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर 'झेड' नावाचा एक ड्राइव्ह दिसे. तो उघडला, की त्या सर्व्हरमधलं सगळं समोर. म्हणजे अगदी सगळं! कोणीही यावं, कोणाचंही उघडावं. संचालकांनी एका प्राध्यापकाबद्दल लिहिलेला गोपनीय शेरा दुपारी कँटीनमध्ये समोशाबरोबर वाचला गेला, तेव्हा संचालक माझ्यावर खेकसले आणि मी बाईंवर.

"कोण काय उघडतं, त्याला आळा घाला," मी म्हणालो.

"यादी करावी लागेल," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, माणसांची यादी. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाई वही घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडतायत, टेबलांखाली वाकून बघतायत आणि मशिनं लिहून घेतायत. चार दिवसांत चौसष्ट मशिनं झाली. मी विचारलं, हे काय?

"सर, आपला सर्व्हर माणसाला ओळखत नाही. प्रत्येक मशिनला एक नंबर दिलाय, तो बघून हा दार उघडतो. आमच्या छावणीच्या गेटवरचा जवान गाडीचा नंबर बघतो आणि वाकून आत कोण बसलंय तेही बघतो. याला वाकता येत नाही. त्यामुळं कुठला नंबर कुठल्या खोलीत आहे, ते मला पक्कं माहिती पाहिजे."

मग त्या प्रत्येकाला विचारत सुटल्या, तुम्हाला कुठल्या फायली लागतात? नुसत्या वाचायला की लिहायलासुद्धा? बाप्पा, काय गहजब झाला! ज्यांनी आयुष्यात दुसऱ्या विभागाच्या फायलीत डोकावलं नव्हतं, त्यांना एकदम सगळं लागायला लागलं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना 'फक्त वाचा' मिळालं, तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बाईंचं उत्तर एकच. यादीत नाव नसेल त्या मशिनला दार बंद. नाव असेल तर जेवढं काम, तेवढंच दार उघडं. गोड बोलून सांगायच्या, पण ढिम्म हलायच्या नाहीत.

माझा जीव ज्यात अडकला होता, ती फाइलही त्यातच होती. थॅलेसीमिया झालेल्या मुलांच्या शहाण्णव सालापासूनच्या नोंदी. ही लेकरं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येत. कोणाला किती चढवलं, लोह किती वाढलं, उंची किती भरली, सगळं त्यात. तिथं लिहायची परवानगी बाईंनी फक्त तीन मशिनांना दिली. माझ्या खोलीतलं, प्रयोगशाळेतलं, आणि त्यांचं स्वतःचं. शिवाय दर शुक्रवारी सगळ्याची टेपवर नक्कल. कोणतंही मशिन कक्षाला कळवल्याशिवाय जागेवरून हलवू नये, असं परिपत्रकही काढलं. मसुदा बाईंचा, सही माझी.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत मार्च महिन्यात नवे कॉम्प्युटर येतात, कारण मंजूर झालेला पैसा त्या महिन्यात संपवायचा असतो. नवा येतो साहेबाच्या टेबलावर. साहेबाचा जुना उतरतो खालच्याकडे, त्याचा आणखी खाली. पायरीपायरीनं. दोन हजार सालच्या अठ्ठावीस मार्चला माझा नवा आला. आस्थापना विभागातला नरेश माझ्या जुन्यावर केव्हाचा डोळा ठेवून होता. "सर जी, आपका वाला मुझे दिलवा दो ना," असं सहा महिने चाललं होतं. मी दिला. शिपायाकरवी, ढकलगाडीवर घालून, सकाळी दहालाच. कक्षाला कळवलं का? नाही कळवलं. विभागप्रमुखानं काय ढकलगाडीची परवानगी मागायची?

अकरा वाजता मी नव्या मशिनवर झेड ड्राइव्ह उघडला. 'परवानगी नाही.' पुन्हा केलं. 'परवानगी नाही.' दुपारी मला दिल्लीला आकडे पाठवायचे होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी दोन जिने उतरून थेट कक्षात गेलो आणि दारातूनच सुरू केलं.

"माझ्याच फायली मला बंद? मी या समितीचा अध्यक्ष आहे, बाई!"

"नवं मशिन आलं का, सर? नंबर यादीत नाही, म्हणून बंद. बसा की. पाच मिनिटांत घालते." त्यांनी वही उघडली. "जुनं कुठं आहे? त्याचा नंबर काढते."

आणि इथं मी खोटं बोललो. खरं सांगितलं असतं, तर माझ्याच सहीचं परिपत्रक बाईंनी माझ्यापुढं धरलं असतं, आणि तेही कक्षातल्या दोन मुलींसमोर. म्हणून मी म्हणालो, "माझ्याच खोलीत आहे. दोन्ही वापरणार आहे मी. नंबर राहू द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. मग वहीत लिहिलं, नवा नंबर यादीत घातला, यादी सर्व्हरला पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाल्या, "बघा आता." मी वर गेलो. ड्राइव्ह उघडला. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

सतरा एप्रिलला, सोमवारी सकाळी, बाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत.

"सर, आपल्या मुलांच्या फोल्डरमध्ये गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची यादी आलीय. तूप किती, छोले किती. आणि बैसाखीच्या रजेचा अर्ज."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "शहाण्णव सालचं फोल्डर नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहाण्णवमध्ये चारशे बारा मुलं नोंदवली होती. त्यातली काही आता हयातही नव्हती. त्यांचं जे काही उरलं होतं ते त्या नोंदींत. मी खुर्चीत बसलो, तो उठलोच नाही. बाईंनी मात्र विचारपूस करण्यात वेळ घालवला नाही. खाली गेल्या, आधी कुठल्या मशिननं लिहिलंय तो नंबर काढला, तो यादीतून उडवला, आणि शुक्रवारची टेप लावली. जेवायला गेल्या नाहीत. दोन वाजता फोन आला, "सर, चारशे बारा पूर्ण. शनिवारी दुरुस्त केलेल्या नऊ नोंदी गेल्यात, त्या कागदावरून परत भरून घेते." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

झालं होतं असं. नरेशला जुन्या मशिनवर झेड ड्राइव्ह दिसला. त्याला वाटलं, साहेबांनी जागाही दिली. त्यानं त्यात आपल्या फायली ठेवल्या. शनिवारी जागा संपल्याची सूचना आली. आणि आस्थापनातल्या माणसाला एप्रिलमध्ये जे सुचतं तेच त्याला सुचलं: तीन वर्षांपूर्वीच्या फायली बाद करायच्या. दर वर्षी ते लोक कपाटं अशीच रिकामी करतात. '९६' वाचलं आणि बाद केलं. बिचारा रडकुंडीला आला होता. त्याच्यावर मी ओरडू तरी कोणत्या तोंडानं?

बाईंनी त्याच संध्याकाळी संचालकांना अहवाल दिला. एक पान. काय झालं, कधी झालं, काय परत मिळालं. आणि शेवटी: 'चूक सुनेत्रा शिंत्रे यांची. जुनं मशिन प्रत्यक्ष न पाहता त्याचा नंबर यादीत राहू दिला. खोली दोन जिने वर होती.'

माझं नावही नव्हतं त्यात.

संचालकांनी समितीची बैठक घेतली. बाईंना बोलावलं नव्हतं. संचालक म्हणाले, कंत्राटी बाई, जून-जुलैत जाणारच आहेत, काढायची गरज नाही. "जाताना नेहमीचं एका ओळीचं प्रमाणपत्र द्या. डेटा एंट्री ऑपरेटर, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. संपलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अध्यक्ष मी. बाईंची पुण्याची नोकरी माझ्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर होती. आणि मी, एरवी पेला कलंडला तरी आरडाओरडा करणारा मी, गप्प बसलो.

घरी आलो. वीणाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"परवा महाराष्ट्र मंडळात भेटल्या होत्या शिंत्रेबाई. तुमचं कौतुक करत होत्या. म्हणाल्या, सर ओरडतात, पण मनात काही ठेवत नाहीत."

"मग?"

"मग काय? त्यांना काय ठाऊक, तुम्ही मनात काय काय ठेवता ते! लाज वाटते का हो थोडी तरी?"

वाटत होती. पण लाज वाटणं आणि ती चारचौघांत कबूल करणं, यांत केवढं अंतर असतं, ते मला त्या दोन महिन्यांत कळलं. रोज ठरवायचो, आज संचालकांना सांगू. रोज काहीतरी काम निघायचं.

जूनमध्ये मेजर शिंत्र्यांच्या बदलीचा हुकूम आला. बाईंनी पुण्याच्या एका शिक्षणसंस्थेत अर्ज केला होता, मुलाखत जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्या माझ्याकडे आल्या. "सर, पत्र."

मी आधीच लिहून ठेवलं होतं. संचालकांची एक ओळ गेली खड्ड्यात, माझ्या विभागाच्या कागदावर मला हवं ते लिहायचा हक्क मला होताच. दोन पानं! चौसष्ट मशिनं, यादी कशी केली, कोणाला किती दार उघडलं, शुक्रवारच्या टेपा, सगळं. पदाच्या नावाशेजारी मी स्पष्ट लिहिलं, की प्रत्यक्षात हे सर्व्हरची संपूर्ण जबाबदारी घेणारं काम होतं. मनमिळाऊ हा शब्द कुठंही नाही. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल.

त्यांनी सावकाश वाचलं. घडी घातली. टेबलावर ठेवलं.

"छान लिहिलंय, सर. पण यात एप्रिल नाही."

"एप्रिल कशाला? वेड लागलंय का तुम्हाला? असं पत्र घेऊन गेलात तर कोण घेईल?"

"ते मला विचारणारच, की तुमच्या यादीतनं कधी काही सुटलं का? मी सांगणार, सुटलं. वीस दिवस सुटलं. मग माझं तोंड एक बोलणार आणि कागद दुसरंच. मग असल्या कागदाचा मला काय उपयोग? माझ्याकडं सहा आहेत तसले."

मला राग आला. खरंच आला, त्याही वेळी. आणि त्या रागातच ते तोंडातून निघालं. "चूक तुमची नव्हतीच, बाई! मी खोटं बोललो तुमच्याशी. त्याच सकाळी मी ते मशिन नरेशला दिलं होतं."

"माहिती आहे, सर."

"माहिती आहे? कधीपासून?"

"सतरा एप्रिलपासून. नरेशला विचारलं, मशिन कधी आलं? तो म्हणाला, अठ्ठावीस मार्च, सकाळी दहा. तुम्ही माझ्याकडे आला होता अकरा वाजून गेल्यावर. वहीत वेळ लिहिलेली आहे."

"मग अहवालात लिहिलं का नाही? संचालकांनी एका ओळीच्या प्रमाणपत्रावर तुमची बोळवण केली, तुमचं पुणं जाणार होतं, आणि तुम्ही गप्प?"

"माझी चूक मी लिहिली," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दोन जिने चढून बघायला पाहिजे होतं, ते नाही बघितलं. साहेब सांगतायत म्हणून सोडलं. तुमचं मी कशाला लिहू? ते तुम्ही लिहायचं."

उभ्या आयुष्यात इतकं शांतपणे माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी त्यांना बसायला सांगितलं. माझा टायपिस्ट होता, पण मी स्वतः टाइप करायला घेतलं, दोन बोटांनी. दोन पानांना तिसरं जोडलं. एप्रिलमध्ये काय झालं ते सगळं. बाईंनी अहवालात स्वतःची चूक मानली, तीही त्यांच्याच शब्दांत. आणि त्याखाली: 'जुन्या मशिनच्या जागेबद्दल श्रीमती शिंत्रे यांना मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली. नियम मीच काढला होता आणि मीच मोडला. समितीच्या बैठकीत मी हे लपवलं.' सही केली. एक प्रत संचालकांना पाठवली, त्याच दिवशी, मन बदलायच्या आत.

अध्यक्षपद गेलं. दोनतीन सहकारी जिन्यात भेटले की हसायचे. हसोत. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोपं होतं ते, आणि जन्मात लागली नव्हती अशी झोप मला त्या आठवड्यात लागली.

जुलैत पुण्याहून फोन आला. त्या संस्थेचे कोणी वयस्क गृहस्थ होते. म्हणाले, "तुमचं तिसरं पान आम्ही सगळ्यांनी वाचलं. ते खरं आहे?"

"अक्षरन् अक्षर."

"बाई म्हणाल्या, ते पान तुम्ही लिहिलं नसतं, तर त्या पहिली दोन पानं घेऊन आल्याच नसत्या."

"नसत्या आल्या," मी म्हणालो. "मी त्यांना चांगला ओळखतो."

चार दिवसांनी बाईंचा फोन. मागं भांड्यांचा, मुलांचा गोंगाट. "सर, झालं. कायम. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, तसंच लिहिलंय ऑर्डरवर."

"मुलाखतीत काय विचारलं हो?"

"एकशे दहा मशिनांची यादी हातात दिली आणि म्हणाले, कुठून सुरुवात कराल? मी म्हटलं, ही यादी राहू द्या बाजूला. आधी मला सगळ्या खोल्या दाखवा, मी बघून येते." त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "सर, तुमचं ते तिसरं पान मी त्यांच्याकडून परत मागून घेतलं. नक्कल ठेवा म्हटलं, मूळ मला द्या, ते मी जपून ठेवणार. नोकरी माझी मला मिळाली. पण तुम्हाला ते लिहायला किती जड गेलं, ते मी तिथं बसून बघितलंय."

मला 'अभिनंदन' म्हणायचं होतं. त्याऐवजी 'टेप दर शुक्रवारी न चुकता करा!' असं मी ओरडलो. शेवटी वीणानं माझ्या हातातून फोन घेतला आणि ती त्यांच्याशी पुण्यातल्या घरभाड्याबद्दल बोलत बसली.